राखून ठेवलेल्या कोअरवर इंटरप्ट घुसतोय आणि मशीन झटका मारतंय, काय काय तपासायचं

लिनक्सच्या पीसीवर चालणाऱ्या मशीनची गोष्ट आहे ही. प्रोसेसरचा एक कोअर मशीनच्या कामासाठी राखून ठेवलाय, तरी इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच थांबवून हार्डवेअरने मागितलेलं काम, तिथे घुसतो. लक्षणं आधी लिहितो, तुमचा त्रास यात बसतो का बघा, नाही बसला तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

मशीन तासनतास नीट चालतं, एक मिलिसेकंदाची सायकल, काही तक्रार नाही, आणि मग अचानक ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) फॉल्टला जातो, सिंक एरर (वेळ चुकली) नाहीतर फॉलोइंग एरर (मोटर सांगितलेल्या जागेच्या मागे पडली) दाखवतो. ऑपरेटर सांगतो, "साहेब, झटको मारे छे." रीसेट केलं की परत चालू. सायक्लिकटेस्ट, म्हणजे टास्क किती उशिरा उठतो ते मोजणारं टूल, लावली तर सरासरी ४-५ मायक्रोसेकंद, एकदम छान, पण मॅक्सचा आकडा कधीतरी २००-३०० वर जाऊन बसलेला. टॉप उघडून बघितलं तर राखीव कोअरवर तुमच्या टास्कशिवाय चिटपाखरू नाही. मग हळूहळू लक्षात येतं की कोणी पेनड्राइव्हवर फाइल कॉपी करतं, नेटवर्कवरून ड्रॉइंग ओढतं, नाहीतर रात्रीचा बॅकअप सुरू होतो, तेव्हाच हे घडतं. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे रीबूट केलं की दोन दिवस बरं वाटतं.

मी बडोद्याचा, राहायला दांडिया बझारजवळ आणि काम मकरपुरा जीआयडीसीत, छोट्या वर्कशॉपच्या मशीनांना लिनक्सचे कंट्रोलर बसवून देतो आणि नंतर ते सांभाळतो पण. हा फॉल्ट इतक्यांदा बघितलाय की आता फोनवर दोन वाक्यं ऐकली की कुठे हात घालायचा ते कळतं, आणि बहुतेक ठिकाणी मूळ गैरसमज एकच असतो. लोकांना वाटतं बूट लाइनवर, म्हणजे लिनक्स उठताना कर्नलला दिलेल्या पॅरामीटरमध्ये, आयसोलसीपीयूज लिहिलं म्हणजे तो कोअर आपला झाला. तो तुमचा झाला फक्त शेड्युलरच्या दृष्टीने. शेड्युलर बाकीचे प्रोसेस तिथे पाठवणार नाही, एवढंच. इंटरप्ट शेड्युलरला विचारून येत नाही, तो थेट हार्डवेअरकडून येतो, चालू काम मधेच थांबवतो आणि आपलं उरकून जातो. वाड्यात एक खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवली, घरातल्या पोराटोरांना तंबी दिली, पण दूधवाल्याला आणि पोस्टमनला कोणी सांगितलंच नाही, तसं आहे हे. म्हणूनच टॉपमध्ये काही दिसत नाही, कारण टॉप प्रोसेस दाखवतो आणि हार्ड इंटरप्ट हा प्रोसेस नसतो. टॉपमध्ये १ दाबलं तर प्रत्येक कोअरची वेगळी ओळ येते, त्यातले एचआय आणि एसआय (हार्ड आणि सॉफ्ट इंटरप्टला गेलेला वेळ) हे दोन रकाने थोडं सांगतात, पण छोटे झटके त्यातही दिसत नाहीत.

पुढे सगळीकडे चार कोअरचा पीसी धरलाय, ० आणि १ घरकामाला, २ आणि ३ राखीव, टास्क ३ वर. फाइलींची आणि कमांडची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, टर्मिनलवर ती इंग्रजीतच टाकायची.

आधी फुकटातल्या गोष्टी

पीसीला हात लावायच्या आधी केबल बघा. खरंच. ड्राइव्हचा फॉल्ट कोड आणि वेळ लिहून घ्या, आणि त्याच वेळी सायक्लिकटेस्टमध्ये किंवा तुमच्या सायकल टाइमच्या लॉगमध्ये उडी आहे का ते जुळवा. उडी नसेल आणि तरी फॉल्ट असेल तर इंटरप्टचा काही संबंध नाही, एन्कोडरची केबल, अर्थिंग, सैल कनेक्टर, तिकडे जा. एका शेडमध्ये मी दोन संध्याकाळी कर्नलमध्ये घालवल्या आणि शेवटी केबल चेनमध्ये घासून शील्ड उघडं पडलेलं निघालं, तेव्हापासून हा नंबर एकचा चेक आहे.

मग कर्नल खरोखर काय पॅरामीटर घेऊन उठलाय ते बघा, ग्रबच्या (बूटलोडरच्या) फाइलीत काय लिहिलंय ते नाही. /प्रॉक/सीएमडीलाइन वाचा, आणि /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/आयसोलेटेड यात २-३ येतंय का ते बघा. कर्नल अपडेट झाला, कोणीतरी जुन्या एंट्रीवरून बूट केलं, किंवा फाइल बदलली पण अपडेट-ग्रब चालवायचं राहिलं, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. तसंच /सिस/कर्नल/रिअलटाइम यात १ आहे का बघा. ही फाइलच नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही रिअल-टाइम कर्नलवर नाही, अपडेटने साधा कर्नल वर आणलेला असतो. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सला रिअल-टाइम करणारा भाग, सुमारे २० वर्षं बाहेरचा पॅच म्हणून वाढला आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ पासून एक्स८६ साठी मुख्य कर्नलमध्येच आहे, पण तो ऑप्शन चालू करून बिल्ड केलेला कर्नल लागतो, नुसता ६.१२ असून भागत नाही.

तिसरं, टास्क राखीव कोअरवर बसलाय का. आयसोलसीपीयूज दुसऱ्यांना बाहेर ठेवतं, तुमच्या टास्कला आत नेऊन बसवत नाही, ते टास्कसेट कमांडने किंवा प्रोग्राममधूनच करावं लागतं. पीएस कमांडमध्ये पीएसआरचा रकाना मागवला की कुठला थ्रेड कुठल्या कोअरवर शेवटचा पळाला ते दिसतं. आणि दोन्ही राखीव कोअर एकाच मास्कमध्ये (कुठले कोअर चालतील ती यादी) देऊन चार थ्रेड सोडले असतील तर ते दोन्हींवर आपोआप वाटले जातील अशी आशा ठेवू नका, आयसोलेट केलेल्या कोअरवर लोड बॅलन्सिंग बंद असतं, चारही एकावरच बसून राहतात. एक थ्रेड, एक कोअर, नाव घेऊन बसवायचं.

कोण येतंय ते मोजा

हा भाग घाईत उरकू नका, सगळं निदान इथेच आहे. /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल म्हणजे हजेरीपट. प्रत्येक ओळ एक इंटरप्ट, प्रत्येक रकाना एक कोअर, आणि आकडा म्हणजे बूट झाल्यापासून कितीदा आला. लोक ही फाइल एकदा उघडतात, ३ नंबरच्या रकान्यात मोठमोठे आकडे बघतात आणि घाबरतात. एका नजरेत त्या आकड्यांना काही अर्थ नाही, कारण ते बूट होताना जमा झालेले पण असू शकतात. दोनदा घ्यायची, मधे १० सेकंद, आणि फरक काढायचा. मी एकदा रिकामं मशीन असताना घेतो आणि एकदा मुद्दाम त्रास देऊन, म्हणजे पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकत, नेटवर्कवरून कॉपी चालू ठेवून.

मागच्या उन्हाळ्यातलं एक सांगतो. पत्र्याची शेड, दुपारी चार वाजता पॅनलचं दार उघडं ठेवून टेबल फॅन लावलेला. पहिल्या वेळी १२७ नंबरच्या ओळीत कोअर ३ खाली ४,१८,२०६ होते. दहा सेकंदांनी ४,१८,२०९. तीन, काहीच नाही. मग ऑफिसच्या पीसीवरून ड्रॉइंगचा फोल्डर ओढायला लावला आणि परत मोजलं, तर दहा सेकंदांत साडेसहा हजारांनी वाढ. ओळीच्या शेवटी नाव होतं नेटवर्क कार्डाचं आणि त्यापुढे टीएक्स-आरएक्स-३. संपलं, चोर सापडला, आणि अजून एकही सेटिंग बदललेलं नव्हतं. आधी हा आकडा हातात असल्याशिवाय काही बदलू नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही आणि पुढच्या रीबूटला परत तिथेच याल.

खाली अक्षरांच्या ओळी असतात त्या पण वाचा. एलओसी म्हणजे त्या कोअरचा स्वतःचा टायमर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, तुमचा टास्क दर मिलिसेकंदाला टायमरवर उठत असेल तर एलओसी सेकंदाला निदान हजाराने वाढणारच, तो तुमचाच आहे, त्याच्यामागे लागू नका. नोएचझेड_फुल या, टायमरची नेहमीची टिकटिक थांबवणाऱ्या, पॅरामीटरचा उपयोग कोअरवर एकच टास्क न झोपता सलग पळत असेल तेव्हा होतो, दर मिलिसेकंदाला झोपणाऱ्या-उठणाऱ्या टास्कला त्यातून फार काही मिळत नाही, आणि त्यापायी कर्नलमध्ये येण्या-जाण्याचा खर्च थोडा वाढतो. मी तो सरसकट लावत नाही. आरसीयू_नोसीबीज मात्र लावतो, आरसीयू या कर्नलच्या आतल्या यंत्रणेची मागची साफसफाई राखीव कोअरवरून हलते. आरईएस, सीएएल आणि टीएलबी या ओळी म्हणजे एका कोअरने दुसऱ्याला मारलेली हाक, त्यांच्याकडे नंतर येतो.

आयआरक्यूबॅलन्स

चोर एखादं डिव्हाइस असेल तर पहिला संशय या सेवेवर. हिचं काम इंटरप्ट सगळ्या कोअरवर वाटणं, सर्व्हरवर चांगलंच आहे ते, इथे नको. ती साधारण दर १० सेकंदांनी परत वाटप करते, म्हणजे तुम्ही हाताने केलेली मांडणी चहा येईपर्यंत पुसली गेलेली असते आणि तुम्हाला वाटतं कर्नल ऐकत नाही. बूट लाइनवर आयसोलेट केलेले कोअर ती स्वतःहून वगळते हे खरं, पण दोन ठिकाणी फसतो माणूस. कोअर बूट लाइनवर नाही तर सीपीयूसेटने, म्हणजे बूट झाल्यानंतर, राखून ठेवला असेल तर तिला काही कळत नाही. आणि तिच्या सेटिंगच्या फाइलीत आधीच्या कोणीतरी बंदी घातलेल्या कोअरचा जुना मास्क लिहून ठेवला असेल तर ती तोच मानते आणि बूट लाइनकडे बघतच नाही. डेबियन-उबुंटूमध्ये ही फाइल /ईटीसी/डिफॉल्ट मध्ये असते, रेडहॅटच्या घराण्यात /ईटीसी/सिसकॉन्फिग मध्ये.

मशीनला जोडलेल्या छोट्या पीसीवर मी ती सरळ बंद आणि डिसेबल करतो, कारण इथे मोजके इंटरप्ट आहेत आणि कोण कुठे बसायचं ते मला ठरवायचंय. बंद केल्यावर आधीचं वाटप तसंच राहतं हे विसरू नका, ते आवरायचं काम तुमचंच.

हाताने हलवणं

/प्रॉक/आयआरक्यू मध्ये प्रत्येक नंबरचा फोल्डर आहे. त्यात एसएमपी_अफिनिटी आणि एसएमपी_अफिनिटी_लिस्ट अशा दोन फाइली (अफिनिटी म्हणजे इंटरप्टला कुठले कोअर चालतील ते), आणि या दोनांतला गोंधळ मी कमीत कमी चार ठिकाणी निस्तरलाय. पहिलीत हेक्स मास्क लिहायचा, म्हणजे प्रत्येक कोअरला एक बिट, दुसरीत कोअरचे नंबर. आता ३ हा आकडा घ्या. मास्कच्या फाइलीत ३ लिहिलं तर अर्थ होतो कोअर ० आणि १, जे आपल्याला हवंय. लिस्टच्या फाइलीत तेच ३ लिहिलं तर अर्थ होतो कोअर ३, म्हणजे ज्या खोलीतून दूधवाल्याला बाहेर काढायचं होतं तिथेच त्याला पाट मांडून दिला. एका पोराने अगदी मन लावून सगळ्या इंटरप्टवर स्क्रिप्ट चालवली होती आणि सगळे रिअल-टाइम कोअरवर जमा झाले होते. लिस्टवाली फाइलच वापरा आणि ०-१ असं लिहा, वाचणाऱ्याला पण कळतं.

लिहिल्यावर इफेक्टिव्ह_अफिनिटी_लिस्ट वाचा, तुम्ही काय मागितलं ते नाही तर खरंच कुठे जातोय ते ती सांगते. मग परत दहा सेकंदांचा फरक मोजा. टायमरचा ० नंबर हलत नाही, त्याच्याशी भांडू नका.

हे सगळं रीबूटला पुसलं जातं, आणि नुसतं रीबूटलाच नाही, नेटवर्क इंटरफेस बंद-चालू केला तरी ड्रायव्हर इंटरप्ट परत मागतो आणि नंबर बदलू शकतो. म्हणून नंबर स्क्रिप्टमध्ये कोंबू नका, नावावरून शोधा. आणि बूट लाइनवर आयआरक्यूअफिनिटी=०-१ टाकून ठेवा म्हणजे नवीन येणारा बहुतेक इंटरप्ट मुळातच घरकामाच्या कोअरवर जन्माला येतो. हे एक पॅरामीटर लावून अर्ध्या केसेस तिथल्या तिथे मिटतात असा माझा अनुभव आहे.

एक घाईची युक्ती पण आहे, कोअर ३ ऑफलाइन करायचा आणि परत ऑनलाइन, त्यावरचे साधे इंटरप्ट दुसरीकडे ढकलले जातात आणि परत येत नाहीत. पण टास्क त्यावर चालू असताना करू नका, टास्क पण हाकलला जातो आणि त्याचं बसवलेलं ठिकाण मोडतं.

अजून एक, सगळे इंटरप्ट कोअर ० वर लोटायच्या आधी विचार करा की तुमचा टास्क स्वतः कुठल्या इंटरप्टची वाट बघतो. इथरकॅट (ड्राइव्हशी बोलायचं नेटवर्क) साध्या जेनेरिक ड्रायव्हरवर चालत असेल तर पॅकेट नेटवर्क स्टॅकमधूनच येतं, आणि त्या कार्डाचा इंटरप्ट पेनड्राइव्ह आणि ग्राफिक्सच्या गर्दीत उभा केला तर उशीर तिथेच होईल. मी मशीनचं कार्ड आणि ऑफिसचं कार्ड कायम वेगळं ठेवतो, मशीनच्या कार्डाला कोअर २ देतो आणि ३ वर फक्त टास्क. आयजीएचच्या मास्टरचा (इथरकॅट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नेटिव्ह ड्रायव्हर असेल तर हा प्रश्नच नाही, तो इंटरप्ट न वापरता पोलिंगने पॅकेट उचलतो, पण त्यासाठी त्या कर्नलला आणि त्या कार्डाला जुळणारा ड्रायव्हर मिळायला हवा.

नेटवर्क कार्डाच्या रांगा

वरच्या गोष्टीतल्या कार्डाला टीएक्स-आरएक्स-३ अशी चौथी रांग का होती? कारण आजकालची कार्डं जितके कोअर तितक्या रांगा उघडतात आणि प्रत्येक रांगेला स्वतःचा इंटरप्ट. ड्रायव्हरला राखीव-बिखीव काही माहीत नसतं. ईथटूल कमांडला स्मॉल एल देऊन रांगा किती ते बघा, कॅपिटल एल देऊन कंबाइन्ड १ किंवा २ करा. ज्या पीसीवर ऑफिसची ड्रॉइंगच येणारेत तिथे एक रांग पुरते. रांगच नसेल तर तिचा इंटरप्ट पण नाही, अफिनिटीशी खेळण्यापेक्षा हे पक्कं. नेटवर्कच्या फोल्डरमध्ये आरपीएस_सीपीयूज कोणी भरून ठेवलंय का तेवढं पण बघा, ते भरलेलं असेल तर हार्ड इंटरप्ट ० वर येऊनही पॅकेटचं पुढचं काम राखीव कोअरवर ढकललं जातं.

एनव्हीएमई, जिथे लिहिताच येत नाही

इथे येऊन बरेच जण थांबतात. एनव्हीएमई डिस्कच्या इंटरप्टची अफिनिटी बदलायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येते. रूट असलात तरी येते. परवानगीचा प्रश्न नाही, डिस्क खराब नाही, हे इंटरप्ट मॅनेज्ड आहेत, म्हणजे कर्नलने स्वतः वाटून टाकलेत आणि तो तुम्हाला हात लावू देत नाही. प्रत्येक कोअरची स्वतःची रांग, त्या कोअरने डिस्कवर काही मागितलं की पूर्ण झाल्याचा इंटरप्ट त्याच कोअरवर.

५.६ कर्नलपासून यावर उपाय आहे, आयसोलसीपीयूज=मॅनेज्ड_आयआरक्यू,डोमेन,२-३ असं लिहायचं. यातला डोमेन शब्द गाळू नका. कुठलाच फ्लॅग नसेल तर डोमेन धरला जातो, पण एक फ्लॅग लिहिला की बाकीचे तुम्हीच लिहायचे, म्हणजे नुसतं मॅनेज्ड_आयआरक्यू लिहिलं तर शेड्युलरचं आयसोलेशनच निघून जातं आणि बाहेरचे प्रोसेस राखीव कोअरवर येऊन बसतात. हा घोळ झाल्याचं कोणाच्या लक्षात यायला वेळ लागतो कारण इंटरप्ट तर कमी झालेले असतात.

आणि हा उपाय होईल तितका असा आहे, हमी नाही. एखाद्या रांगेच्या मास्कमध्ये घरकामाचा कोअर पण असेल तर इंटरप्ट तिकडे जातो. मास्कमध्ये फक्त राखीव कोअरच असतील तर काही फरक पडत नाही, तिथेच येणार. पण मग त्या रांगेत कोणी काही टाकलंच नाही तर इंटरप्ट येणारच नाही. म्हणजे खरा प्रश्न असा, राखीव कोअरवरून डिस्कवर लिहितंय कोण?

उत्तर बहुतेक वेळा, तुमचाच टास्क. सायकल टाइम, पोझिशन, एरर, सगळं तो त्याच लूपमधून फाइलीत लिहितोय. लिहिणाऱ्याने चांगल्या हेतूने लिहिलेलं असतं, मशीनची नोंद राहावी म्हणून, आणि तीच नोंद मशीनला झटका देते. रिअल-टाइम लूपमधून फाइलीत एक अक्षरही लिहू नका. मेमरीत एक गोल बफर ठेवा, लूपने त्यात टाकायचं, आणि कोअर ० वरच्या साध्या थ्रेडने त्यातून उचलून डिस्कवर लिहायचं. हे बदलल्यावर एनव्हीएमईच्या कोअर ३ वाल्या रांगेचा आकडा दिवसभर जागचा हलला नाही असं मी स्वतः बघितलंय, मॅनेज्ड_आयआरक्यू न लावता.

बाकीच्या कोअरच्या हाका

डिव्हाइसच्या ओळी शांत झाल्या आणि तरी उडी येतेय तर सीएएल आणि टीएलबी बघा. टीएलबी वाढत असेल तर तुमच्याच प्रोग्रामचा दुसरा एखादा थ्रेड मेमरी घेतोय-सोडतोय, आणि मेमरीचा नकाशा बदलला की त्या प्रोसेसचे थ्रेड जिथे जिथे पळतायत तिथे कर्नल हाक मारतो. सुरुवातीलाच सगळी मेमरी घेऊन एमलॉकऑल (मेमरी जागेवर लॉक) करा आणि नंतर कुठल्याच थ्रेडमध्ये घेऊ-सोडू नका.

सीएएलची एक केस मला फार शिकवून गेली. उडी बरोब्बर पाच-पाच सेकंदांनी येत होती, घड्याळ लावल्यासारखी. डिव्हाइस एकही नाही. शेवटी कळलं की मालकांनी हौसेने तापमानाचा डॅशबोर्ड बसवला होता, तो दर पाच सेकंदांनी प्रत्येक कोअरचं तापमान वाचायचा, आणि इंटेलवर ते रजिस्टर त्या त्या कोअरवर जाऊनच वाचावं लागतं, म्हणजे दर पाच सेकंदांनी राखीव कोअरला हाक. डॅशबोर्ड बंद, उडी बंद. बडोद्याच्या मे महिन्यात तापमान बघायला हवंच, त्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही, पण कोअर ० चं वाचा नाहीतर पॅनलमध्ये वेगळा सेन्सर लावा. टर्बोस्टॅट पण चालू ठेवून विसरू नका, तो पण तेच करतो. बूट लाइनवर नोवॉचडॉग लावलं की वॉचडॉगचे (कर्नल अडकलाय का ते बघणाऱ्याचे) एनएमआय, म्हणजे थोपवता न येणारे इंटरप्ट, पण जातात.

प्रायॉरिटी

रिअल-टाइम कर्नलवर बहुतेक इंटरप्टचं खरं काम थ्रेडमध्ये होतं, पीएसमध्ये आयआरक्यू आणि नंबर अशा नावाने दिसतात, फिफो प्रायॉरिटी ५०. तुमचा टास्क ५० च्या खाली असेल तर ते त्याच्या आधी पळणार. ८० च्या आसपास ठेवा. ९९ देऊ नका, कर्नलची स्वतःची काही कामं तिथे असतात. आणि टास्क न झोपता गोल फिरत असेल आणि दर सेकंदाला सुमारे ५० मिलिसेकंदांचं भोक पडत असेल तर तो इंटरप्ट नाहीच, तो आरटी थ्रॉटलिंग (रिअल-टाइम टास्कला कर्नलने लावलेला ब्रेक) आहे, जुन्या कर्नलवर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) तसं लिहून येतं.

इथून पुढे हार्डवेअर

सगळे रकाने शांत आहेत, एकही आकडा हलत नाही आणि तरी १००-२०० मायक्रोसेकंदांची उडी आहे? मग एसएमआय. हा इंटरप्ट बायोसचा, लिनक्सला कळत पण नाही की मधला वेळ कुठे गेला, आणि /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये तो येत नाही. हार्डवेअर लेटन्सी डिटेक्ट नावाचं टूल आहे, एचडब्ल्यूएलएटीडिटेक्ट, ते हेच शोधतं. पण चालवायच्या आधी मशीनची पॉवर (पीसीची नाही) बंद करा, ड्राइव्ह डिसेबल करा, कारण हे टूल मूळ सेटिंगला दर सेकंदातला अर्धा सेकंद इंटरप्ट बंद करून बसतं, चालू मशीनवर हे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

५.१७ पासून आरटीएलए हे टूल पण मिळतं, त्यातलं टायमरलॅट उशीर इंटरप्टमध्ये झाला की थ्रेडमध्ये ते वेगळं करून दाखवतं आणि ओएसनॉइज हार्डवेअर, एनएमआय, इंटरप्ट, सॉफ्टइंटरप्ट असे रकाने देतं. हे नवीन कर्नलवर असेल तर मी आता आधी हेच लावतो.

एसएमआय निघाला तर बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून बघा, खोल सी-स्टेट (कोअरची झोप) बंद करा, हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन दाखवणं) बंद करा. हायपरथ्रेडिंग ठेवायचंच असेल तर थ्रेड_सिबलिंग्ज_लिस्ट वाचून राखीव कोअरचा जुळा भाऊ पण रिकामा ठेवा, दोघं एकाच भट्टीवर स्वयंपाक करतात.

कुठे थांबायचं

बायोस सेटिंग बदलूनही एसएमआय राहिला तर थांबा. चिपसेटच्या रजिस्टरमध्ये लिहून एसएमआय मुळापासून बंद करायच्या युक्त्या सापडतील, करू नका, काही बोर्डांवर पंखा आणि जास्त तापल्यावरचं संरक्षण त्याच्यावरच चालतं, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बंद पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. बोर्ड बनवणाऱ्याला विचारा, नवीन बायोस मागा, नाहीतर बोर्ड बदला. मी दोन ठिकाणी बोर्डच बदललाय.

इमर्जन्सी स्टॉप, दाराचा इंटरलॉक, ब्रेक यांतलं काही त्या पीसीवरून जात असेल तर एकही सेटिंग बदलायच्या आधी मशीन बनवणाऱ्याचा इंजिनियर बोलवा, आणि ही साखळी पीसीच्या बाहेर वायरने काढून घ्या. पॅनलच्या आतलं ४१५ व्होल्टचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं. मशीन वॉरंटीत असेल तर कंट्रोलरला हात लावू नका. आणि चोर एखाद्या बंद ड्रायव्हरमधला निघाला, त्याचा सोर्स तुमच्याकडे नाही, तर ते कार्ड काढून दुसरं लावा, ड्रायव्हर दुरुस्त करायला कर्नलचं काम करणारा माणूस लागतो.

दुरुस्त झालंय असं म्हणायच्या आधी एक पूर्ण रात्र सायक्लिकटेस्ट कोअर ३ वर सोडा, ड्राइव्ह बंद ठेवून, आणि बाजूला कॉपी, पेनड्राइव्ह, बॅकअप सगळं मुद्दाम चालू ठेवा. रिकाम्या मशीनवर दहा मिनिटांत आलेला मॅक्स मी धरत नाही. सकाळी मॅक्सचा आकडा, बूट लाइन, कर्नलचा व्हर्जन आणि आधी-नंतरचे /प्रॉक/इंटरप्ट्स एका कागदावर छापून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही याल किंवा दुसरं कोणी येईल, त्याला कुठला आकडा बदललाय ते दार उघडल्या उघडल्या दिसेल.